पान न हलवणारे वादळ आणि कुलाब्याची रोजकीर्द

वादळ म्हटले की सोसाट्याचा वारा, उन्मळून पडलेली झाडे, उडालेले पत्रे आणि पाण्याखाली गेलेली बाजारपेठ डोळ्यांपुढे येते. व्यापारी घरांना हे चित्र नवे नाही. पावसाळा तोंडावर आला की गोदामातील माल जमिनीपासून उंचावर रचायचा, ताडपत्री तपासायची आणि विम्याचा हप्ता भरला आहे ना याची खात्री करायची, ही आपली जुनी शिस्त आहे. परंतु निसर्गात आणखी एका प्रकारचे वादळ आहे. ते येते तेव्हा झाडाचे पानही हलत नाही, आकाशात ढग जमत नाहीत आणि घरातील माणसाला काही जाणवतही नाही. मात्र विजेच्या तारा, उपग्रह आणि संदेशयंत्रणा यांना ते चांगलेच जाणवते. त्याचा उगम आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर, सूर्यावर होतो. शास्त्रज्ञ त्याला भूचुंबकीय वादळ म्हणतात. बोलीभाषेत सौर वादळ.

आज दुकानातील तराजूपासून बँकेतील खात्यापर्यंत आपला बहुतेक व्यवहार वीज आणि संदेशवहन यांच्या आधाराने चालतो. म्हणून या वादळाची ओळख व्यापारी कुटुंबाने करून घेणे अगत्याचे आहे. शिवाय या विषयाशी आपल्या मुंबईचा निकटचा संबंध आहे. आधुनिक काळातील जे सौर वादळ सर्वांत प्रबळ मानले जाते, त्याचे अत्यंत मोलाचे मोजमाप मुंबईत कुलाब्याला झाले होते.

१ सप्टेंबर १८५९

प्रारंभ एका औषधविक्रेत्यापासून करावा लागेल. जर्मनीतील देसाऊ येथील हाइनरिख श्वाबे हा व्यवसायाने औषधविक्रेता. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा अज्ञात ग्रह असावा, या शोधात त्याने १८२६ पासून आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सूर्यबिंबावरील काळे डाग मोजून लिहून ठेवण्यास सुरुवात केली. ग्रह काही सापडला नाही. परंतु सुमारे सतरा वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आले, की डागांची संख्या ठरावीक कालावधीने वाढते आणि घटते. तेजी आणि मंदी जशी एकामागून एक यावी, तसेच हे चक्र. पुढील अभ्यासात त्याची सरासरी सुमारे ११ वर्षे ठरली. १८५७ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने श्वाबे यांना सुवर्णपदक देऊन त्यांच्या चिकाटीचा गौरव केला.

त्याच वाटेने जाणारा दुसरा निरीक्षक म्हणजे इंग्लंडमधील रिचर्ड कॅरिंग्टन. रेडहिल येथे त्यांची खासगी वेधशाळा होती. १८५८ मध्ये वडील निवर्तले आणि कौटुंबिक व्यवसायाचा भार त्यांच्यावर येऊन पडला. तरीही सूर्याचे निरीक्षण त्यांनी सोडले नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पडद्यावर उमटलेल्या सूर्यबिंबावरील डागांच्या एका मोठ्या समूहाचे चित्र ते काढत होते. इतक्यात त्या समूहावर लख्ख पांढऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके चमकले आणि सुमारे पाच मिनिटांत मावळले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही स्वतंत्रपणे तेच दृश्य पाहिले. सौर ज्वालेचे हे पहिले लिखित निरीक्षण होय.

त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर त्याचे परिणाम दिसू लागले. एरवी ध्रुवप्रदेशातच दिसणारा रंगीत ध्रुवीय प्रकाश, ज्याला अरोरा म्हणतात, तो थेट क्युबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. अमेरिकेतील रॉकी पर्वतरांगांमध्ये सोन्याच्या खाणीवरील कामगार मध्यरात्री उजाडले असे समजून उठून बसले. त्या काळी दूरच्या व्यवहाराचे एकमेव वेगवान साधन म्हणजे तारयंत्र. युरोप आणि अमेरिकेत अनेक ठिकाणी तारयंत्रे बंद पडली, काही तारमास्तरांना विजेचे झटके बसले. बोस्टन आणि पोर्टलंड या शहरांमधील तारमास्तरांनी तर बॅटरी सोडवून ठेवली आणि केवळ तारांमध्ये आपोआप वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर सुमारे दोन तास संदेशांची देवाणघेवाण केली.

कुलाब्याची नोंदवही

आता मुंबईकडे वळू. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ पुरवणे आणि खगोलीय वेध घेणे हा तिचा मूळ हेतू. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचीही नोंद होऊ लागली. अधांतरी टांगलेल्या चुंबकाची बारीकशी हालचाल मोजपट्टीवर डोळ्यांनी वाचायची आणि वहीत उतरवायची, हे काम. दर तासाला, दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि भर पावसाळ्यात. चुंबक अस्वस्थ दिसू लागला तर तासाची वाट न पाहता थोड्या थोड्या मिनिटांनी नोंद करायची, असा दंडक होता.

२ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी हा चुंबक असाच अस्वस्थ झाला. अकराच्या सुमारास चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक पाहता पाहता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे अतिशय सूक्ष्म एकक. मुंबई परिसरात हा आडवा घटक साधारणतः ३७ ते ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. म्हणजे घसरण जेमतेम चार टक्क्यांची. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु सामान्य दिवशी हा काटा काही दहा नॅनोटेस्लाच इकडेतिकडे होतो, हे लक्षात घेतले की त्या सकाळचे गांभीर्य कळते.

नोंद करणाऱ्यांना यामागील कारण ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती, कारण ते विज्ञानालाही ठाऊक नव्हते. सूर्यावरील घडामोड आणि पृथ्वीवरील चुंबकीय खळबळ यांचा संबंध त्यानंतर कित्येक वर्षे वादाचा विषय राहिला. लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेसुद्धा १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून हा संबंध अमान्य केला होता. कुलाब्याच्या निरीक्षकांनी अर्थ लावण्याच्या भरीस न पडता जे दिसले ते वेळेसह लिहून ठेवले.

या नोंदीचे मोल १४४ वर्षांनी उमगले. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील जी. एस. लाखिना आणि एस. अलेक्स यांनी सुरुतानी आणि गोन्झालेझ या परदेशी शास्त्रज्ञांसमवेत कुलाब्याच्या जुन्या नोंदी अभ्यासून २००३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील वेधशाळांच्या छायाचित्रित आलेखांवरील रेषा त्या दिवशी कागदाबाहेर गेल्या होत्या, त्यामुळे वादळाचा तळ त्यांवरून समजत नव्हता. शिवाय ध्रुवांजवळच्या नोंदींमध्ये तेथील स्थानिक विद्युतप्रवाहांची भेसळ मोठी असते. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या मुंबईची नोंद त्यामानाने निर्मळ, आणि डोळ्यांनी वाचलेली असल्याने अखंड. त्या वादळाची खोली जगाला सांगण्यात म्हणूनच कुलाब्याची वही अग्रस्थानी राहिली.

या वहीची पुढची हकीकतही आपल्या कामाची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय मोजणी बिघडणार, हे उघड होते. नानाभॉय अर्देशिर मूस हे १८९६ मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. त्यांच्या पुढाकाराने चुंबकीय विभाग १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आला. तेथील इमारतीसाठी चुंबकावर परिणाम न करणारा पोरबंदरचा दगड वापरला, आणि लोखंड कटाक्षाने टाळले. मात्र नवे केंद्र सुरू झाले म्हणून जुने लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे, कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि दोहोंतील फरक निश्चित केला. मगच १९०७ मध्ये ट्राम धावू लागली.

ज्यांनी बँकांमधील संगणकीकरणाचा काळ पाहिला, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा काही महिने हाताने लिहिलेली खतावणी आणि संगणकातील खाती अशी दोन्ही कामे आम्ही रोज करीत असू आणि संध्याकाळी दोहोंचा ताळा पडला की मगच घरी निघत असू. तरुण सहकाऱ्यांना ते दुप्पट कष्ट वाटत. परंतु जुन्या आणि नव्या हिशेबात खंड पडू न देण्याचा दुसरा मार्ग नसतो. मूस यांनी तोच मार्ग धरला, म्हणून मुंबई आणि अलिबाग मिळून पृथ्वीच्या चुंबकत्वाचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा सलग हिशेब आज उपलब्ध आहे.

वादळ घडते कसे

सूर्य हा तप्त, विद्युतभारित वायूचा गोळा आहे. त्यातील चुंबकीय बलरेषा सतत पिळल्या आणि ताणल्या जातात. पीळ असह्य झाला की त्या तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एकदम मुक्त होते. यातून दोन गोष्टी घडू शकतात. पहिली म्हणजे सौर ज्वाला. तिचा प्रकाश आणि क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. दुसरी म्हणजे सूर्याच्या प्रभामंडलातून कोट्यवधी टन विद्युतभारित द्रव्य अवकाशात फेकले जाणे. या द्रव्याच्या मेघाला पृथ्वीपर्यंत यायला बहुधा दोन-तीन दिवस लागतात. १८५९ चा मेघ ताशी सरासरी ८५ लाख किलोमीटर वेगाने आला होता.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ही आपली ढाल. परंतु येणाऱ्या मेघातील चुंबकीय क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, म्हणजे दक्षिणाभिमुख असेल, तर ढालीला वाट मिळते आणि सूर्याकडील ऊर्जा आत शिरते. पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या वर, अवकाशात, एक प्रचंड विद्युतप्रवाह कड्यासारखा फिरू लागतो. त्याच्या प्रभावाने भूपृष्ठावरील आडवे चुंबकीय क्षेत्र क्षीण होते. कुलाब्याचा काटा खाली आला तो या कारणाने. आणि चुंबकीय क्षेत्र वेगाने बदलले की लांबलचक वाहकांत आपोआप वीज निर्माण होते, हा शाळेत शिकलेला नियम. त्या काळी असे लांब वाहक म्हणजे तारयंत्राच्या तारा. आज वीजवाहिन्या आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जमिनीवर राहणाऱ्या माणसाच्या शरीराला या वादळापासून थेट अपाय होत नाही. वातावरणाचे जाड आवरण आपले रक्षण करते. अमुक रात्री वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार असून मोबाइल बंद करून दूर ठेवावा, अशा आशयाचे संदेश कुटुंबांच्या गटांवर वर्षानुवर्षे फिरतात. त्यांत तथ्य नाही. ते पुढे पाठवू नयेत.

दीड मिनिटात अंधार

धोका आहे तो यंत्रणांना. १३ मार्च १९८९ च्या पहाटे, पावणेतीनच्या सुमारास, कॅनडातील क्युबेक प्रांताची वीजयंत्रणा एका भूचुंबकीय वादळाने सुमारे ९० सेकंदांत कोसळली. कडाक्याच्या थंडीत ६० लाख लोक सुमारे नऊ तास विजेविना राहिले. अमेरिकेत न्यू जर्सीतील सेलम अणुवीज केंद्राचा एक मोठा ट्रान्सफॉर्मर त्याच वादळात निकामी झाला. असे ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाहीत. मागणी नोंदवून महिनोन्‌महिने थांबावे लागते. त्या वादळाची जागतिक मापनातील तीव्रता ५८९ नॅनोटेस्ला होती. १८५९ ची तीव्रता, तासाची सरासरी धरूनसुद्धा, त्याहून बरीच अधिक असल्याचे अभ्यासक मानतात.

फेब्रुवारी २०२२ मधील घटना वेगळ्या प्रकारची. वादळ किरकोळ होते. परंतु उष्णतेने फुगलेल्या वातावरणाच्या वरच्या थरांनी नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह मागे खेचले आणि ४९ पैकी सुमारे ४० नष्ट झाले. मे २०२४ मध्ये, गेल्या दोन दशकांतील सर्वांत तीव्र वादळ आले. आपल्या लडाखमधील हानले येथे आकाशात लालसर आभा दिसली. लोकांनी छायाचित्रांचा आनंद घेतला. पण त्याच दिवसांत अमेरिकेतील शेतकऱ्यांची उपग्रहाच्या मार्गदर्शनाने चालणारी पेरणीयंत्रे ऐन हंगामात अडून बसली. धान्यबाजाराशी संबंध असलेल्या वाचकांना ऐन पेरणीतील एक-दोन दिवसांची किंमत सांगायला नको.

सूर्याचा मेघ पृथ्वीला चुकवून निघून गेल्याचेही उदाहरण आहे. २३ जुलै २०१२ रोजी १८५९ च्या तोडीचा एक मेघ पृथ्वीच्या कक्षेतून पार झाला. त्या वेळी पृथ्वी कक्षेत दुसरीकडे होती. तोच उद्रेक सुमारे नऊ दिवस आधी झाला असता तर तो आपल्या दिशेने आला असता.

भारताला किती धोका

भारत विषुववृत्ताच्या जवळ असल्याने आपल्या वीजवाहिन्यांना कॅनडा किंवा स्वीडनइतका धोका नाही, ही दिलाशाची बाब. परंतु दुसऱ्या बाजूने आपण अधिक उघडे आहोत. वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर हा विद्युतभारित थर विषुववृत्तीय पट्ट्यात मुळातच चंचल असतो. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना अडखळतो आणि वादळात हा अडथळा वाढू शकतो. उपग्रह केवळ रस्ता दाखवत नाहीत, ते वेळही सांगतात. मोबाइलचे मनोरे आणि संगणकजाल यांना सेकंदाच्या सूक्ष्म अंशापर्यंत एकच वेळ पाळावी लागते आणि ती अनेक ठिकाणी उपग्रहांकडून घेतली जाते. ग्राहकाने चौकोनी चित्रावर मोबाइल धरला आणि पैसे जमा झाल्याचा आवाज आला, एवढेच आपल्याला दिसते. त्यामागे वीज, मनोरा, जाल, बँक आणि वेळ अशी लांब साखळी उभी असते.

सावध राहण्याची साधने मात्र वाढत आहेत. आदित्य एल-१ हे भारताचे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील नियोजित कक्षेत स्थिरावले. कुलाब्याचा चुंबक ज्या तारखेला हेलावला, तीच ही तारीख. योगायोग, पण लक्षात राहावा असा. यानावर सात उपकरणे आहेत. त्यांपैकी अतिनील प्रकाशात सूर्याची चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली आहे. सूर्यावरचा उद्रेक दिसला की एक ते तीन दिवसांची ढोबळ सूचना मिळते. मेघाची चुंबकीय दिशा मात्र तो यानापाशी आल्यावरच निश्चित कळते, आणि तेथून पृथ्वीपर्यंत यायला त्याला साधारण पाऊण तास, फार वेगवान असल्यास त्याहूनही कमी वेळ लागतो.

आपण काय करावे

वीजकंपन्या, उपग्रहचालक आणि बँका यांची कर्तव्ये त्यांच्याकडे आहेत. व्यापारी घराच्या हाती जे आहे, ते फार खर्चाचे नाही.

पहिली गोष्ट नोंदीची. उधारी, येणे-देणे आणि मालसाठा यांची प्रत दररोज दुकान वाढवण्यापूर्वी संगणकाबाहेर घेतली जावी. निदान आठवड्यातून एकदा ती कागदावर असावी. सारा हिशेब दूरच्या संगणकावर आणि त्याची एकही प्रत आपल्या कपाटात नाही, ही स्थिती बरी नव्हे. बँकेतील चाळीसएक वर्षांत मी पाहिले, की संकटानंतर सर्वांत आधी सावरतो तो ज्याची वही पूर्ण आहे तो. माल विम्यातून भरून निघतो. हरवलेली उधारी कोणी भरून देत नाही.

दुसरी गोष्ट रोकड. दोन-तीन दिवसांचा घरखर्च, नोकरांची मजुरी आणि वाहतुकीचे भाडे भागेल एवढी रक्कम हाताशी असावी. तिसरी गोष्ट पर्यायाची. महत्त्वाच्या अडत्यांचे, वाहतूकदारांचे आणि नातलगांचे दूरध्वनी क्रमांक मोबाइलखेरीज एका वहीत असावेत. घरातील एखाद्या तरुणाला संगणकाविना पावती करणे, बेरीज मारणे आणि दिवसाचा मेळ घालणे यावे. वीज आणि जाल पूर, आग किंवा साध्या बिघाडानेही बंद पडू शकतात. म्हणून ही तयारी सौर वादळ आपल्या हयातीत आले नाही तरी वाया जाणारी नाही.

चौथी गोष्ट मुलांसाठी. कुलाब्याला नोकरी करणाऱ्या त्या निरीक्षकांनी रात्रीच्या प्रहरी उठून लिहिलेले आकडे त्यांच्या हयातीत कोणाच्या फारसे कामी आले नाहीत. श्वाबेला हवा होता तो ग्रह मिळाला नाही. तरीही दोघांच्या वह्यांनी आपल्याला सूर्याची चाल आणि त्याच्या कोपाची मर्यादा कळली. या सुट्टीत घरातील मुलांना रोजचे तापमान, पाऊस आणि वाऱ्याची दिशा एका वहीत तारीखवार लिहायला सांगावे. एकही दिवस न गाळता वर्षभर लिहिले तर आपल्या गावाचा पाऊस त्यांना पुस्तकापेक्षा नीट समजेल आणि पुढे दुकानाची रोजकीर्द लिहिण्याचा हातही बसेल.